शिफ्ट माझ्याकडे, बाण दादाकडे: स्टीम डेकवर डॉसचे गेम

१९९४ साली कऱ्हाडला आमच्या घराजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत जायचं, मशीनवरचं प्लास्टिकचं कव्हर घडी घालून बाजूला ठेवायचं. शनिवारी प्रॅक्टिकल लवकर आटोपलं तर सर शेवटची पंधरा मिनिटं गेम लावू द्यायचे. मशीन चार, मुलं अकरा. त्यामुळे मला आणि दादाला मिळून एक कीबोर्ड यायचा. बाणांची बटणं दादाकडे, शिफ्ट माझ्याकडे. प्रिन्स ऑफ पर्शिया आम्ही असा दोघांनी मिळून खेळलो. दादा पळवायचा, उडी मारायचा, आणि पलीकडची कडा जवळ आली की मी शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे प्रिन्स कडेला लटकायचा. मला क्षणभर उशीर झाला की प्रिन्स खालच्या सुळ्यांवर.

दादा आता न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, आणला. पहिल्याच रात्री मी प्रिन्स लावला. लागला खरा, पण तो आमचा प्रिन्स नव्हता. माणसं आडवी पसरल्यासारखी जाड दिसत होती आणि शिफ्ट कुठे आहे ते बोटांना सापडत नव्हतं. पुढचे काही महिने रात्री भांडी आवरून झाली की मी रोज एकेक गोष्ट जागेवर बसवत गेले. ज्यांनी असे क्लास पाहिले आहेत आणि ज्यांच्या हातात आता असं यंत्र आहे, त्यांच्यासाठी ते सगळं इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाईप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावरचा गेम लिहिणाऱ्याने समोरचं मशीन गृहीत धरलेलं असायचं: त्याचा वेग, त्याचा पडदा आणि त्याचा कीबोर्ड. या तीन गोष्टी डेकवर पुन्हा उभ्या केल्या की गेम मुकाट्याने चालतो. यातली एक जरी चुकली तरी गेम सुरू होतो, पण खेळवत नाही.

माझा डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेला पहिला प्रकार. पडदा सात इंची, १२८० बाय ८०० ठिपक्यांचा. आत स्टीम ओएस, म्हणजे लिनक्सच. समोर दोन चौकोनी ट्रॅकपॅड आणि पाठीमागे बोटं टेकतात तिथे चार जादा बटणं. प्रोसेसर किती ताकदीचा आहे याला डॉसच्या गेमसाठी काही किंमत नाही, ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. आपल्या कामाची आहेत ती पाठीमागची बटणं आणि ट्रॅकपॅड.

डॉसबॉक्स बसवणं

पॉवरचं बटण दाबून धरा आणि मेनूतून डेस्कटॉप मोडमध्ये जा. साधा कॉम्प्युटर समोर येईल. खालच्या पट्टीवर पिशवीचं चित्र असलेलं डिस्कव्हर नावाचं दुकान आहे, ते उघडून डॉसबॉक्स स्टेजिंग शोधा आणि इन्स्टॉल करा. डॉसबॉक्स हे डॉसचं अख्खं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारं साधन आहे, २००२ पासून चालत आलेलं. मूळ डॉसबॉक्सही चालतो, पण स्टेजिंग ही त्याची पुढे जोपासलेली शाखा आहे आणि पडद्याचं काम तिथे फार नीट केलेलं आहे. म्हणून मी तीच वापरते.

इंटरनेटवर कुणी टर्मिनल उघडून पॅकेज मॅनेजरने बसवायला सांगितलं तर ऐकू नका. स्टीम ओएसचा सिस्टिमचा भाग कुलूपबंद असतो. कुलूप उघडून तिथे काही टाकलंत तरी पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. डिस्कव्हरमधून आलेली गोष्ट टिकते.

अक्षरं टाईप करायला डेस्कटॉप मोडमध्ये स्टीमचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. तरी पहिल्या दिवसापुरता यूएसबी हब लावून खरा कीबोर्ड आणि माऊस जोडाच. पाच मिनिटांचं काम पडद्यावरच्या कीबोर्डने पाऊण तास खातं.

गेम आणायचे कुठून

जीओजी हे दुकान २००८ पासून जुने गेम रीतसर विकतं, तेही कुलूप न लावता, म्हणजे फाईल तुमच्याकडे राहते. व्हॉल्व्हच्याच स्टीम या दुकानावर वुल्फेन्स्टाईन थ्रीडी, कमांडर कीन, डूम हे सगळे मिळतात आणि सवलतीच्या दिवसांत फार थोड्या पैशांत मिळतात. जीओजीवरचे गेम डेकवर आणायला डिस्कव्हरमध्येच हिरोइक नावाचा लाँचर आहे. या दुकानांतून घेतलेल्या बऱ्याच गेमबरोबर डॉसबॉक्स आधीच जोडून दिलेला असतो आणि तो तसाच चालतोही. मी मात्र त्यातल्या गेमच्या फाईल तेवढ्या उचलते आणि माझ्या डॉसबॉक्समध्ये चालवते, म्हणजे सगळ्या गेमचं वागणं सारखं राहतं.

जुना गेम आता कुणी विकत नाही म्हणून तो सगळ्यांचा झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. कायद्याने तसं होत नाही, हक्क कुणाचे तरी असतातच. माझ्या प्रिन्सची गोष्ट वेगळी आहे. दादाने कॉलेजात असताना मुंबईहून मूळ खोक्यातला प्रिन्स आणला होता, साडेतीन इंची फ्लॉपी आणि पुस्तिकेसकट. ती फ्लॉपी माळ्यावरच्या ट्रंकेत होती. तुमच्याकडेही अशा फ्लॉप्या असतील तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो. फ्लॉपी घालण्याआधी तिची धातूची झडप सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः जातेच, शिवाय ड्राइव्हचं डोकं घाण करून पुढची चांगली फ्लॉपीही खराब करते. आमच्याकडच्या दहापैकी चार अशाच निघाल्या. त्या मी घातल्या नाहीत. प्रिन्सची चांगली होती. चांगली फ्लॉपी वाचता आली की सगळ्या फाईल लगेच उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

पुस्तिकाही जपून ठेवा. प्रिन्सचा पहिला टप्पा संपला की एक खोली लागते. तिथे अक्षरं लिहिलेल्या बाटल्या असतात आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली पिऊन दाखवावी लागते. नक्कल रोखण्यासाठी केलेली ती सोय होती. पुस्तिका नसेल तर मूळ प्रत असूनही तुम्ही तिथेच अडकाल. मी आमच्या पुस्तिकेचे फोटो काढून डेकमध्येच ठेवले आहेत.

फोल्डर आणि सेटिंगची फाईल

डेकच्या होम फोल्डरमध्ये डॉस नावाचा एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक गेमला वेगळा फोल्डर द्या. नावं इंग्रजीत, जास्तीत जास्त आठ अक्षरांची, मध्ये जागा न सोडता. डॉसला आठच अक्षरं कळतात, लांब नाव दिलं की ते तोडून पुढे वाकडी रेघ आणि आकडा लावलेलं दिसतं. मेमरी कार्डावर ठेवण्याची गरज नाही. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, तेव्हा असे शंभर गेमसुद्धा एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागा घेतात.

आता गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल तयार करा, शेवटी डॉट कॉन्फ असं नाव देऊन. डॉसबॉक्सची मोठी सेटिंगची फाईल वेगळी असते, तिला हात लावू नका. या छोट्या फाईलमध्ये या गेमपुरतं जे बदलायचं तेवढंच लिहायचं, बाकी सगळं तो मोठ्या फाईलमधून घेतो. तिच्या शेवटी चौकटी कंसात ऑटोएक्झेक लिहून खाली चार ओळी लिहा. पहिल्या ओळीत माउंट, मग सी, मग गेमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. दुसरीत सी आणि कोलन. तिसरीत गेमच्या चालू होणाऱ्या फाईलचं नाव, माझ्या बाबतीत प्रिन्स. चौथीत एक्झिट. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. ज्यांनी ए कोलन, सी कोलन करत दिवस काढले आहेत त्यांची बोटं हे आपोआप लिहितील. शेवटची एक्झिट ओळ विसरू नका. ती असली की गेममधून बाहेर पडताच डॉसबॉक्सही बंद होतो आणि तुम्ही सरळ डेकच्या मेनूत परत येता. ती नसेल तर काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर उरतो आणि हातात कीबोर्ड नसतो.

मग डेस्कटॉपवरचं स्टीम उघडून गेम्सच्या मेनूतून बाहेरचा गेम लायब्ररीत जोडण्याचा पर्याय घ्या आणि यादीतल्या डॉसबॉक्स स्टेजिंगवर टिक करा. लायब्ररीत तो दिसला की राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि नाव बदलून गेमचं नाव द्या. तिथेच लाँच ऑप्शन्सची चौकट आहे. त्यात आधीपासून एक ओळ असेल, ती पुसू नका, डॉसबॉक्स सुरू होतो तो तिच्यामुळेच. तिच्या शेवटी एक जागा सोडून हायफन कॉन्फ लिहा, पुन्हा एक जागा सोडा आणि तुमच्या छोट्या फाईलचा पत्ता अवतरण चिन्हांत लिहा. प्रत्येक गेमसाठी हे पुन्हा करायचं. डॉसबॉक्सला फोल्डरच दिसत नाही अशी तक्रार आली तर डिस्कव्हरमधून फ्लॅटसील बसवा आणि त्यात डॉसबॉक्सला होम फोल्डर वाचण्याची परवानगी द्या.

वेग

आमच्या क्लासमधल्या एका कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण होतं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळातल्या काही गेमनी वेगळं घड्याळ वापरलंच नाही, मशीन जितक्या वेगाने धावेल तितक्या वेगाने गेम धावायचा.  पुढच्या पिढीच्या मशीनवर असा गेम इतका सुसाट पळायचा की डोळे फिरायच्या आत खेळ संपायचा. टर्बो बंद केला की मशीन मंद व्हायचं आणि गेम खेळण्याजोगा व्हायचा.

डॉसबॉक्समध्ये हेच काम सायकल्स नावाचा आकडा करतो. ३०० च्या आसपास ठेवलं की १९८१ चा पीसी, ३००० ला साधारण २८६, २५००० च्या आसपास ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ (हे पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर). अशा सगळ्यात जुन्या गेमना ३००, प्रिन्सच्या काळातल्यांना ३००० ते ५०००, १९९४-९५ च्या गेमना २५०००, इथून सुरुवात करा. हे आकडे मोजमापाचे नाहीत, अंदाजाचे आहेत. नेमका आकडा शोधायची माझी पद्धत अशी: गेम डेस्कटॉप मोडमध्ये, लहान खिडकीत चालवायचा, कीबोर्ड जोडायचा आणि कंट्रोल एफ ११ ने हळू, कंट्रोल एफ १२ ने जलद करत जायचं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर आकडा दिसत राहतो. हाताला बरोबर वाटलं की तो आकडा छोट्या फाईलमध्ये सीपीयू या भागाखाली (ऑटोएक्झेकसारखंच चौकटी कंसात नाव लिहून) सायकल्सच्या ओळीत लिहून टाकायचा. नव्या आवृत्तीत या ओळीचं नाव सीपीयू अंडरस्कोर सायकल्स असं आहे. हे गेमिंग मोडमध्ये, म्हणजे डेकच्या नेहमीच्या मेनूतून, करत बसू नका, तिथे वरची पट्टीच नसते.

प्रिन्सला याचा फारसा त्रास होत नाही, तो घड्याळ बघून चालतो. त्याची साठ मिनिटं ही साठ मिनिटंच असतात.

पडदा

माणसं जाड का दिसत होती ते आता सांगते. डॉसचे बहुतेक गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे. डेकचा पडदा १२८० बाय ८००. भागून बघा: दोन्हीकडून बरोबर चारपट. म्हणजे पडदा काठोकाठ भरतो, एकही ठिपका अर्धवट राहत नाही. पण जुन्या मॉनिटरच्या काचेचं प्रमाण चारास तीन होतं, त्यामुळे तिथे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच दिसायचा. चित्रं काढणाऱ्याने ती तशाच काचेवर बघून काढली होती. चौकोनी ठिपक्यांच्या पडद्यावर तीच चित्रं बुटकी होतात. डॉसबॉक्समध्ये रेंडरच्या भागाखाली एस्पेक्ट ऑन ठेवलं की चित्र साधारण १०६६ ठिपके रुंद होतं, दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात आणि प्रिन्स पुन्हा उंच, सडसडीत दिसायला लागतो. ऑफ केलं की पडदा भरतो. कोडी आणि पत्त्यांचे गेम मी भरलेल्या पडद्यावर खेळते. जिथे माणसाचं शरीर हलताना बघायचं आहे तिथे पट्ट्या हव्यातच.

प्रिन्समध्ये तर फारच. जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ साली आधी ॲपल टूसाठी केला, डॉसवर तो पुढच्या वर्षी आला. त्यासाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओत टिपलं आणि त्या चित्रफितीवरून एकेक आकृती रेखाटली. आपण खेळतो ती त्या मुलाची धाव आहे. ती बुटकी करून बघणं मला पटत नाही.

आमच्या क्लासचे मॉनिटर एकरंगी होते, काळ्यावर नारिंगी. त्यामुळे घरी रंगीत मशीन येईपर्यंत प्रिन्स मला नारिंगीच माहीत होता. तुमचंही तसं असेल तर छोट्या फाईलमध्ये डॉसबॉक्सच्या भागाखाली मशीनच्या ओळीत हर्क्युलिस लिहा, त्या काळच्या एकरंगी कार्डाचं हे नाव. सोबत रेंडरच्या भागाखाली मोनोक्रोम पॅलेट ॲम्बर, म्हणजे नारिंगी, करा. ज्या दिवशी मी हे केलं त्या दिवशी दादाला फोटो पाठवला, आणि तिकडे पहाटेचे पाच वाजले असताना त्याचा फोन आला.

काचेवरच्या बारीक आडव्या रेघा हव्या असतील तर डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये त्यासाठीचे शेडर, म्हणजे चित्राचं रूप बदलणारे छोटे प्रोग्राम, तयार आहेत. सात इंची पडद्यावर मला ते गढूळ वाटतात, मी शार्प ठेवते. टीव्हीला जोडता तेव्हा ते छान दिसतात.

आवाज

यावर वेळ घालवण्याची गरज क्वचितच पडते. १९९३-९६ च्या गेमबरोबर सेटअप नावाची वेगळी फाईल येते आणि ती साउंड कार्डाचे आकडे विचारते. डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर सेट एवढंच लिहून एंटर मारा. येणाऱ्या ओळींत ब्लास्टर नावाची एक असेल. तीत एच्या पुढे पोर्ट, आयच्या पुढे आयआरक्यू, डीच्या पुढे डीएमए लिहिलेला असतो. सेटअपने विचारलं की कार्ड साउंड ब्लास्टर निवडा आणि हेच आकडे भरा. ड्यूक न्यूकेम थ्रीडीचा आवाज मला असाच मिळाला.

बटणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गेम लावून स्टीमचं बटण दाबलं की कंट्रोलर सेटिंग्ज दिसतात, तिथून लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाने कुठली की दाबली जाईल ती मांडणी, बदलता येतो. सुरुवातीला कीबोर्ड आणि माऊसचा तयार लेआउट घ्या आणि त्यावर काम करा. त्याआधी एक काम: छोट्या फाईलमध्ये जॉयस्टिकच्या भागाखाली जॉयस्टिकटाइप डिसेबल्ड करा. नाहीतर डॉसबॉक्सला डेक एकाच वेळी कीबोर्डही वाटतो आणि जॉयस्टिकही, आणि प्रिन्स मधूनच आपल्या मनाने चालायला लागतो. माझे दोन आठवडे हे कारण शोधण्यात गेले.

बाण डावीकडच्या फुलीच्या बटणावर ठेवा. अंगठ्याने फिरवायच्या काडीवर ठेवू नका. प्रिन्समध्ये प्रत्येक पाऊल मोजलेलं आहे आणि काडी तिरकी झाली की उजवा आणि वरचा बाण एकदम जातात, मग चालायच्या जागी उडी बसते.

शिफ्ट कुठे ठेवायची हा खरा प्रश्न. प्रिन्समध्ये शिफ्ट एकटीच चार कामं करते: कडेला लटकणं, सुळ्यांतून जपून एकेक पाऊल टाकणं, तलवार किंवा बाटली उचलणं, आणि लढताना वार करणं. पहिली दोन कामं दाबून धरण्याची, शेवटचं टिचकीचं. मी आधी ती समोरच्या ए बटणावर ठेवली होती. लढाई जमायची, पण लटकताना अंगठा दमायचा. मग उजव्या ट्रिगरवर नेली. ट्रिगर लांब दाबला जातो, त्यामुळे वाराला उशीर व्हायला लागला. शेवटी पाठीमागच्या उजव्या वरच्या बटणावर, आर ४ वर, आणून ठेवली आणि तिथेच ती राहिली. मधलं बोट तिथे आपोआप टेकलेलं असतं, दाबून धरणं सोपं, टिचकीही लगेच बसते. ए बटणावरही मी शिफ्ट ठेवली आहे. लढाईला ए, कडेला आर ४. एकच की दोन बटणांवर ठेवायला काही हरकत नाही.

वाय बटणावर स्पेस, म्हणजे किती मिनिटं उरली ते दिसतं. बाकीच्या गोष्टी दोन की एकत्र दाबण्याच्या आहेत: कंट्रोल जी ने सेव्ह, जे तिसऱ्या टप्प्यापासून चालतं, आणि कंट्रोल ए ने टप्पा पुन्हा पहिल्यापासून. लेआउटमध्ये एका बटणाला कंट्रोल द्या, मग त्याच्या शेजारच्या चक्रावर क्लिक करून सब कमांड जोडा आणि तिथे जी द्या. दोन्ही एकदम जातात. सेव्हचं बटण मी डाव्या पाठीमागे खालच्या बाजूला ठेवलं आहे, कारण चुकून दाबलं तर चालण्यासारखं आहे. कंट्रोल ए मात्र कुठल्याही बटणावर सरळ ठेवू नका. ते डाव्या ट्रॅकपॅडवरच्या गोल मेनूत टाका. हा मेनू फार उपयोगी आहे: ट्रॅकपॅडला बोट लावलं की पडद्यावर पाकळ्या उमलतात, हव्या त्या पाकळीवर जाऊन दाबायचं. ज्या गेमना आकडे, वाय, एन आणि एफच्या रांगेतली बटणं लागतात त्यांचं सगळं यात मावतं.

डेंजरस डेव्ह आठवत असेलच, आमच्या वयाच्या किती मुलांनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा तोच पाहिला असेल. त्यात कंट्रोलने गोळी आणि आल्टने जेटपॅक. दोन्ही समोरच्या बटणांवर ठेवा, त्यात दाबून धरण्याजोगं काही नाही. वुल्फेन्स्टाईनला धावण्याची शिफ्ट पाठीमागे, दार उघडण्याची स्पेस समोर.

लेआउट जमला की त्याला नाव देऊन सेव्ह करा. मी प्रत्येकाच्या नावात तारीखही घालते.

जे डॉसबॉक्सशिवाय जास्त चांगलं चालतं

डूमसाठी डॉसबॉक्सची वाट धरू नका. १९९३ च्या या गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून लोकांनी त्याचे आजच्या मशीनसाठी इंजिन केले आहेत. डिस्कव्हरमध्ये चॉकलेट डूम मिळेल, तो मूळच्या अगदी जवळ राहतो. विकत घेतलेल्या गेममधली डब्ल्यूएडी फाईल, म्हणजे गेमचे नकाशे आणि चित्रं असलेली फाईल, त्याला दाखवली की झालं.

तसंच, माऊसने क्लिक करत गोष्ट उलगडायच्या गेमसाठी स्कम व्हीएम. २००१ पासून चाललेला हा प्रकल्प ते जुने गेम जणू आजच लिहिल्यासारखे चालवतो. उजवा ट्रॅकपॅड माऊस, उजवा ट्रिगर क्लिक, एवढंच लागतं. करून बघायचं असेल तर बिनीथ अ स्टील स्काय हा १९९४ चा गेम त्याच्या मालकांनीच फुकट देऊ केला आहे. पाठीवर पडून, दिवा मालवून खेळण्यासारखा आहे.

बॅटरीचं सांगायचं तर तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये टीडीपीची, म्हणजे प्रोसेसरने किती वीज खायची याची, मर्यादा चालू करा आणि खाली आणा. मी पाच वॅटवर ठेवते. पंखा जवळपास गप्प होतो आणि पुण्याहून कऱ्हाडला जाऊन परत येईपर्यंत चार्जर काढावा लागत नाही. गेम मध्येच सोडायचा असेल तर आधी एस्केप दाबून थांबवा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा. डेक झोपतो आणि प्रिन्सची मिनिटंही तिथेच थांबतात. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, तरी साठ मिनिटांतलं काही जात नाही. तरीही अधूनमधून कंट्रोल जी करत राहा, बॅटरी संपली तर झोपलेला गेम राहत नाही.

दोघांनी खेळायचं असेल तर

हे मला या वर्षी जमलं. डेकला ब्लूटूथने दुसरा कंट्रोलर जोडता येतो, आणि स्टीम प्रत्येक प्रकारच्या कंट्रोलरचा लेआउट वेगळा ठेवतो. दोन्हींकडून निघणाऱ्या की डॉसबॉक्सला एकाच कीबोर्डवरून आल्यासारख्या वाटतात. म्हणजे डेकच्या लेआउटमधून शिफ्ट पूर्ण काढून टाकायची, आर ४ आणि ए दोन्हींवरून, आणि फक्त बाण ठेवायचे. मग गेम चालू असताना दुसरा कंट्रोलर जोडून त्याचा लेआउट उघडायचा, त्यातलं सगळं रिकामं करायचं आणि ए बटणाला तेवढी डावी शिफ्ट द्यायची. या जोडीला वेगळं नाव द्या, म्हणजे एकट्याने खेळायचा लेआउट तसाच राहतो.

मी ही जोडी दोघांचे असं नाव देऊन सेव्ह केली आहे, मशीनच्या ओळीत हर्क्युलिस, रंग ॲम्बर. दादा दिवाळीत येतो आहे. बाण असलेला डेक त्याच्या हातात देणार आहे, ए बटणाचा कंट्रोलर माझ्याकडे राहील.